रुबाबाचं माहेर

बाईंना बसलेलं मी फार क्वचित पाहिलं. पोहे त्या खिडकीपाशी उभ्यानंच खात. बातम्या दाराच्या चौकटीला टेकून ऐकत आणि ठळक बातम्या संपायच्या आत टीव्ही बंद करून अंगणात निघून जात. घरात सामान बेताचं होतं, पण तेही एका जागी राहत नसे. टेबल आज पुढच्या खोलीत असलं तर परवा मागच्या पडवीत सापडे. का हलवलं असं विचारलं की म्हणत, "त्याला तिथे कंटाळा आला होता." कंटाळा कुणाला आला होता ते आम्हा दोघींनाही ठाऊक असायचं.

मी त्यांची भाडेकरू. मुरबाडला जनावरांच्या दवाखान्यात माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा खोली शोधत त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. उंच, शेलाट्या बाई. पांढरे केस मानेवर घट्ट बांधलेले, सुती साडीची एकही निरी हललेली नाही. त्यांनी नाव, गाव काही विचारलं नाही.

"काय करता?"

"जनावरांची डॉक्टर आहे."

"जनावरं तुम्हाला घाबरतात?"

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. "आजारी असली की घाबरतात. एरवी नाही."

"आणि माणसं?"

"माणसं अजिबात नाही," मी खरं ते सांगून टाकलं. "काल एका गोठ्यात गेले तर मालक म्हणाला, ताई, डॉक्टर कधी येणार?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला डोक्यापासून पायांपर्यंत नीट पाहून घेतलं. "खांदे पाडून उभी राहतेस म्हणून," त्या म्हणाल्या. "खोली मागच्या बाजूला आहे. ये." अहोजाहो दारातच संपलं आणि पुढे कधी परत आलं नाही.

त्यांच्या सल्ल्याचा मला राग यायचा, पण तो लागू पडायचा. गोठ्यात शिरलं की लगेच बोलायचं नाही, आधी थांबायचं. जमलेली माणसं गप्प झाली की मगच विचारायचं, जनावर कुठे आहे. मी तसं करून पाहिलं आणि कुणी पुन्हा डॉक्टर कधी येणार असं विचारलं नाही. तरीही मुरबाडमध्ये माझं मन लागत नव्हतं. बदलीचे अर्ज करतच होते. माझी बॅग कधी पुरती रिकामी झाली नव्हती. बाईंच्या ते लक्षात आलं असणार, कारण त्यांनी कधी मला इथे रुळलीस का असं विचारलं नाही. दोन अस्वस्थ बायका एका घरात राहत होत्या. एकीला कुठेतरी जायचं होतं आणि दुसरीला कुठे जायचं ते कळत नव्हतं.

बाईंनी सगळी नोकरी मराठी शिकवण्यात घालवली, तीही शहापूर आणि मुरबाडच्या खेड्यांत. लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल विचारायची कुणाची छाती नव्हती. त्यांच्या निरोपसमारंभाची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की मी स्वतः तिथे हजर होते असं मला वाटतं. अध्यक्ष भाषणात म्हणाले होते, की बाई व्हरांड्यात आल्या की झाडावरच्या चिमण्याही गप्प होत, असा रुबाब पुन्हा बघायला मिळायचा नाही. टाळ्या थांबेनात. "अतिशयोक्ती हो," असं बाई दर वेळी म्हणत, आणि चार दिवसांनी चिमण्यांची गोष्ट पुन्हा सांगत.

शब्दांची मुळं शोधणं हा त्यांचा एकुलता एक छंद. "शब्द वापरायचा तर एकदा त्याच्या माहेरी जाऊन यावं," असं त्या म्हणायच्या. दूध घालायला आलेल्या माणसाला हातात किटली तशीच धरायला लावून त्यांनी एकदा सांगितलं होतं, की दिमाख म्हणजे मुळात दिमाग, डोक्यातला मेंदू; आणि अब्रू म्हणजे चेहऱ्याचं पाणी, कारण फारसीत आब म्हणजे पाणी आणि रू म्हणजे चेहरा. तो म्हणाला, "माझ्या दुधात पाणी नाय हां बाई," आणि घाईनं निघून गेला.

पण रुबाब त्यांना सापडत नव्हता. घरातल्या कोशात रुबाब काढला की पुढे डौल लिहिलेलं असे. डौल काढावा तर ऐट. ऐट काढावी तर पुन्हा रुबाब. "हे लोक खो-खो खेळतात," असं म्हणून त्या कोश फटकन मिटत आणि चपला घालून बाहेर पडत. जाण्याचं ठिकाण ठरलेलं, एसटी स्टँड. तिथे त्या कुठल्याही गाडीत चढत नसत. कल्याणच्या, शहापूरच्या गाड्या सुटताना बघत, जीपवाल्यांची हाकाटी ऐकत, इकडून तिकडे फेऱ्या मारत आणि घरी येत.

एकदा स्टँडसमोर कुणा दादाच्या वाढदिवसाचा मोठा फलक लागला होता. काळा चष्मा, गळ्यात साखळी, आणि खाली ठळक अक्षरांत 'रुबाबदार व्यक्तिमत्त्व'. शेजारच्या मोबाइलच्या दुकानात फलक लावणारी पोरं बसली होती. बाई सरळ आत गेल्या.

"रुबाब म्हणजे काय रे?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एकानं धीर केला. "म्हणजे बाई... एंट्री. दादा आला का सगळे गप."

बाई परत फिरल्या. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "हा पोरगा आणि आमचे अध्यक्ष, दोघं एकच बोलले. तुझ्या लक्षात आलं का?"

मी म्हटलं, "गंमत आहे."

"गंमत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी टेबल दोनदा हललं.

भिवंडीला त्यांचे एक जुने सहाध्यायी राहत. बी.एड.ला एका वर्गात होते, पुढे उर्दू शाळेत शिकवून निवृत्त झालेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी त्यांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून फोन ओट्यावर ठेवला, म्हणजे फिरायला मोकळं. मी डबा भरत होते. ते गृहस्थ सावकाश, गोड आवाजात बोलत होते.

"बहुतेक आमच्या रोबचाच भाऊबंद आहे बाई. अरबीत रुअब. तुमच्याकडे येता येता लांबला."

"अर्थ?"

"भीती. धाक. धडकी म्हणा ना. समोरच्याच्या मनात बसते ती."

"त्यात मान नाही?"

"मान नंतर आला असेल. लोक पुष्कळ दिवस एखाद्याला घाबरले की त्यालाच मान म्हणायला लागतात. पण मुळात तर भीतीच."

बाईंनी फेऱ्या थांबवल्या. आभार मानले आणि फोन बंद केला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "म्हणजे रुबाब माझ्याकडे नव्हताच. तो माझ्या वर्गातल्या पोरांच्या पोटात होता."

मी म्हटलं, बाई, शब्दाचा जुना अर्थ आणि आजचा अर्थ वेगळा असतो, हे तुम्हीच सांगता. त्यांनी ऐकलं नाही. त्या दिवसापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. भेटेल त्या जुन्या विद्यार्थ्याला त्या एकच प्रश्न विचारायला लागल्या. बाजारात वाण्याला विचारलं, "माझी भीती वाटायची का रे तुला?" तो म्हणाला, "नाही बाई, आदर वाटायचा." "खोटं बोलतोस. अजून वाटते म्हणून खोटं बोलतोस." किन्हवलीच्या गाडीचा कंडक्टर त्यांच्याच हाताखालून गेलेला. बाई स्टँडवर दिसल्या की तो आपोआप ताठ उभा राहायचा. एकदा त्याच्या गाडीत चढून सगळ्यांसमोर त्याला हेच विचारलं. तो लालेलाल झाला आणि म्हणाला, "बाई, तिकीट काढा ना." सगळी गाडी हसली. बाईंनी तिकीट काढलं नाही, पुढच्या थांब्यावर उतरल्या आणि चालत घरी आल्या.

आणि मग एक दिवस अंगण झाडता झाडता खराटा खाली टाकून त्या माझ्याकडे आल्या. "यमुना म्हणून एक मुलगी होती," त्या म्हणाल्या.

त्यांच्या तरुणपणी, किन्हवलीच्या पुढच्या एका शाळेत, वरच्या पाड्यावरून ही मुलगी येत असे. हुशार होती. एकदा बाईंनी काहीतरी विचारलं आणि ती म्हणाली, "नाय." बाई म्हणाल्या, "नाय नाही, नाही." मुलगी पुन्हा म्हणाली, "नाय." वर्ग हसला. बाईंनी तिला बाकावर उभी केली आणि नाही हा शब्द नीट येईपर्यंत म्हणायला लावला. तो आलाच नाही. थोड्या वेळानं तिच्या तोंडून काहीच येईना. घंटा झाली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही आणि पुढेही नाही.

"तेव्हा मला वाटलं, पाड्यावरच्या मुली गळतातच," बाई म्हणाल्या. "तू त्या बाजूला लस द्यायला जातेस ना?"

मला जायचंच होतं. लाळ्या-खुरकुताची लस टोचत मी त्या पट्ट्यात फिरत होते. मी स्कूटर काढली, मागे बाई बसल्या, आणि बर्फाचा डबा पायांपाशी ठेवून आम्ही सरळगाव ओलांडून किन्हवलीकडे निघालो. वाटभर त्या माझ्या खांद्यावर बोटं वाजवत होत्या.

पाड्यावर यमुनाचं घर पहिल्याच माणसानं दाखवलं. मला त्याचं थोडं नवल वाटलं. अंगणात एक चाळिशी ओलांडलेली बाई चटईवर मोहाची फुलं पसरत होती. आम्हाला बघून ती उठली, पदर सावरला आणि क्षणभरही न थांबता म्हणाली, "बाई."

"ओळखलंस?"

"तुमाला कोण नाय ओळखणार. बसा ना. पाणी आणते."

"आधी एक विचारायचंय, मग हवं तर जाईन." बाईंचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "तू माझ्यामुळे शाळा सोडलीस का?"

यमुनानं माझ्याकडे पाहिलं, मग चटईकडे. "तुमच्यामुळं नाय," ती म्हणाली. "तुमच्यामुळं पण. घरात काम पण व्हतं."

"माझी भीती वाटायची?"

"लय. झोपंत नाय नाय बोलत उठून बसायची. मंग आय बोलली, नको जाऊ." हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस किती पडला ते सांगावं तसं सांगत होती. मग तिला काहीतरी आठवलं आणि ती हसली. "पर एक सांगू बाई? शाळा सुटली आन् मी शेळ्या न्यायला लागली. तवा शेळ्यांम्होरं मी तुमच्यावानी चालायची. आशी." तिनं हात पाठीमागे बांधले, मान ताठ केली आणि अंगणातून चार पावलं चालून दाखवली. हुबेहूब बाई. "आय हसून हसून बेजार व्हायची."

बाई ओट्याच्या कडेवर बसल्या. पाणी आलं ते त्या भांडं दोन्ही हातांनी धरून प्यायल्या. मी शेजारच्या गोठ्यातली जनावरं टोचून आले, तरी त्या तिथेच बसलेल्या होत्या आणि यमुना कोरा चहा गाळत बोलत होती.

ती त्या ग्रामपंचायतीची सरपंच होती. जागा बाईसाठी राखीव निघाली, तेव्हा गावातल्या मोठ्या लोकांना पाड्यावरची, गरीब आणि गप्प बसणारी बाई हवी होती. "सगळ्यांनी मिळून मला उभी केली," ती म्हणाली. "आता बसू देत नायत." सरपंचाच्या खुर्चीत उपसरपंच बसायचा. ही बाजूच्या बाकावर. तो कागद सरकवायचा आणि म्हणायचा, वहिनी, इथं सही करा. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर यायचा तो गावठाणातल्या विहिरीत रिकामा व्हायचा. वरच्या पाड्यांच्या बायका हंडे घेऊन खाली यायच्या तोवर विहिरीत गाळ उरायचा. टँकर पाड्यांवर आणा असं ती बैठकीत बोलली होती, पण तिचं बोलणं कुणाच्या कानापर्यंत पोचलंच नाही. सगळे एकाच वेळी बोलत होते.

"बाई, तुमी वर्गात आला का सगळे गप व्हायचे," ती म्हणाली. "ते मला शिकवा."

"ते मला विसरायचंय," बाई म्हणाल्या.

"मंग मला शिकवा आन् विसरा."

बाई उठल्या आणि स्कूटरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पण दोनच दिवसांनी सकाळी पाहते तर बाई किन्हवलीच्या गाडीत चढून खरोखर पाड्यावर गेलेल्या. त्यानंतर हे सुरूच झालं. त्या गाडीनं किंवा जीपनं जात आणि संध्याकाळी माझं काम त्या बाजूला असलं की मी त्यांना घेऊन येई.

मी पाहिला तो पहिला धडा चांगला हसण्यासारखा होता. बाई उपसरपंच झालेल्या. अंगणात स्टूल ठेवून, छत्री मांडीवर आडवी धरून त्यावर बसलेल्या. यमुनानं समोर उभं राहून म्हणायचं, उठा, ही खुर्ची माझी आहे. तिला पहिल्या शब्दाला हसू फुटायचं. बाई शिकवत होत्या, की लगेच बोलू नकोस, आधी थांब. सगळ्यांकडे बघू नकोस, एकाकडे बघ. आवाज चढवू नकोस, उलट उतरव. यमुना मान डोलवायची आणि पुन्हा हसायची. तिचा नवरा कुंपणापाशी उभा राहून बघत होता. गरीब, अबोल माणूस. तोही हसत होता.

पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा हसणं संपलं होतं. ग्रामसभा जवळ आली होती. यमुनाची नजर सारखी खाली जायची. बाईंनी तीन-चारदा सांगितलं, वर बघ. ती वर बघायची आणि पुन्हा पायांकडे. आणि मग बाईंच्या तोंडून तो आवाज निघाला. मी तो कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता, पण चाबूक हवेत फिरावा तसा होता. "मान वर."

यमुनाच्या हातातला तांब्या खाली पडला. तिनं दोन्ही हात छातीशी घट्ट धरले आणि डोळे मिटून घेतले. एवढी मोठी बाई क्षणात शाळकरी पोर झाली.

पाणी मातीत जिरेपर्यंत कुणी हललं नाही. मग बाई उठल्या, छत्री तिथेच सोडून उतारावरून रस्त्याच्या दिशेनं चालायला लागल्या. मला काय करावं कळेना. यमुना मात्र त्यांच्या मागे धावली.

"बाई, थांबा."

"मला हे करायचं नाही यमुना. मी चुकले इथे येऊन."

"परत बोला."

"काय?"

"तेच. तसंच बोला, तश्याच आवाजात."

"मला नको."

"मला पायजे," यमुना म्हणाली. तिला दम लागला होता. "तुमच्याम्होरं उभी राहिली तर त्या मानसाला काय घाबरायचं? तुमच्यापरीस मोठी भीती मला ठावूकच नाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग तिथेच, उतारावरच्या पायवाटेवर, त्या वळून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मान वर." यमुना दचकली. "परत," ती म्हणाली. बाईंनी पुन्हा म्हटलं. पुन्हा दचकली, थोडी कमी. "परत." असं बराच वेळ चाललं. पाड्यावरच्या बायका दारात येऊन बघायला लागल्या. कुणाला काही कळत नव्हतं. बाईंचा घसा बसत गेला, डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी यमुना म्हणत होती, परत. शेवटी बाईंनी जेवढा होता तेवढा सगळा आवाज काढून सांगितलं आणि यमुनाच्या पापणीचा केससुद्धा हलला नाही. ती सरळ बाईंच्या डोळ्यांत बघत उभी होती.

"झालं," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

"झालं," यमुना म्हणाली, आणि खाली पडलेला तांब्या धुवायला घेऊन गेली.

ग्रामसभेच्या दिवशी यमुनानं बाईंना आत येऊ दिलं नाही. "तुमी आसलात तर मी तुमच्याकडंच बघंन," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. बाई बाहेर चिंचेखाली थांबल्या, म्हणजे चिंचेभोवती फिरत राहिल्या. भिंतीवर लावलेल्या सूचना वाचत, त्यातल्या चुका मला दाखवत, मध्येच म्हणत, "आवाज का येत नाही?" आवाज आला की म्हणत, "एवढा गोंगाट कसला?" शेवटी मलाच राहवेना. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

आत दाटीवाटीनं माणसं बसली होती. मधल्या खुर्चीत उपसरपंच फोन चाळत बसलेला, गोरा, धिप्पाड, स्वच्छ कपड्यांतला. यमुना त्याच्या बाजूला उभी होती. ती काहीच बोलत नव्हती. माणसं बोलत होती, मग हळूहळू तिच्याकडे बघायला लागली.

"वहिनी, बसा ना," तो म्हणाला. "तिकडं बाकावर जागा हाय."

"ही माझी खुर्ची हाय," ती म्हणाली. मला खिडकीतून जेमतेम ऐकू येईल एवढ्या आवाजात.

"खुर्च्या काय, सगळ्या सारख्याच." लोक हसले.

"मंग तुमी बाकावर बसा."

आता वेगळं हसू आलं, विशेषतः बायकांच्या बाजूनं. त्यानं मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. "काय भाऊ, सांग जरा घरात." नवऱ्यानं आधी पायांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तिलाच विचारा. सरपंच ती हाय."

"वहिनी, आपण नंतर बोलू."

"नाय," यमुना म्हणाली. बाकी काही नाही. नुसतं नाय. आणि उभी राहिली. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. ग्रामसेवकाचं पानं उलटणं थांबलं. कुणीतरी खोकलं आणि मध्येच थांबलं. उपसरपंचानं न वाजलेला फोन कानाला लावला, हां बोला, हां, असं म्हणत तो उठला आणि दाराकडे गेला. यमुना खुर्चीत बसली. "टँकरचं पयलं घ्या," ती ग्रामसेवकाला म्हणाली.

त्यानंतर वादावादी पुष्कळ झाली. पण एक दिवस गावठाण आणि एक दिवस पाडे असं ठरलं आणि लिहूनही घेतलं गेलं. त्या उन्हाळ्यात टँकर पाड्यांवर गेला. ठरल्याप्रमाणे दर वेळी नाही गेला, पण गेला.

सभा सुटल्यावर यमुना चिंचेखाली आली. बाईंना सगळं मी खिडकीपाशी उभी राहून खुणांनी सांगितलंच होतं, तरी त्यांनी विचारलं, "तो घाबरला का?"

यमुनानं विचार केला. "नाय बाई. घाबरला नाय. लाजला."

"आणि तू?"

"मी तर घाबरलीच व्हती. पाय लटलट कापत व्हते. पर लुगड्यात दिसत नाय ना."

बाई हसल्या. इतक्या मोकळ्या हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. मग लगेच त्यांच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे हा रुबाब नव्हे," त्या म्हणाल्या. "भीतीच नाही तर रुबाब कसला? याला काहीतरी दुसरं म्हणत असणार." आणि परतीच्या वाटेवर त्या माझ्या कानाशी शब्द मोजत राहिल्या. दरारा नव्हे, तोही भीतीचाच. धाक नव्हे. डौल वरवरचा. प्रतिष्ठा लोक देतात आणि काढूनही घेतात. भारदस्त म्हणावं तर यमुना चिमूटभर. प्रत्येक शब्द उचलून बघत होत्या आणि टाकून देत होत्या.

पुढच्या हिवाळ्यात माझी बदली झाली, माझ्या जिल्ह्यात, मागितली होती तिथेच. ऑर्डर हातात आली तेव्हा मला वाटला होता तेवढा आनंद झाला नाही. जायच्या आधी लसीची शेवटची फेरी उरकायची होती. सकाळी मी डबा भरत असताना बाई ओट्यापाशी आल्या.

"कळपाच्या पुढे एक गाय चालते ना," त्या म्हणाल्या. "बाकीच्या तिला घाबरतात का गं?"

"नाही," मी म्हटलं. "दांडगाई करते ती गाय वेगळी. तिला बाकीच्या घाबरतात, तिच्यापासून लांब राहतात. तिच्या मागे कुणी जात नाही. पुढे चालते ती निराळीच असते. बहुतेक वेळा वयस्क असते. तिला पाण्याची वाट ठाऊक असते. ती निघाली की बाकीच्या निघतात."

"मारत नाही कुणाला?"

"नाही."

बाई एका जागी उभ्या होत्या. "तिला काय म्हणतात?"

"आमच्या पुस्तकात पुढारी गाय म्हणतात."

"पुस्तकातलं नको. तिकडे पाड्यावर जातेस ना, विचारून ये."

मी विचारलं. यमुनाच्या गोठ्यात तशी एक गाय होती, तांबडी, एका शिंगाचं टोक मोडलेली. यमुना तिचं वेसण धरून उभी होती आणि मी सुई टोचत होते. मी म्हटलं, बाईंनी विचारलंय, कळपाच्या पुढे चालणाऱ्या गायीला तुमच्यात काय म्हणतात? यमुनाला प्रश्नच कळला नाही. मी तो दुसऱ्या शब्दांत विचारला.

"तिला काय म्हनायचं?" ती म्हणाली. "नाव हाय ना तिला. नावानं हाक मारायची."

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा बाई अंगणात फेऱ्या मारत होत्या. मी त्यांना यमुनाचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, यावर त्या वाद घालतील, म्हणतील की हे काही उत्तर नव्हे, शब्द असलाच पाहिजे. त्या थांबल्या.

"काय नाव तिचं?" त्यांनी विचारलं.

"मैना."

"मैना," बाई म्हणाल्या. हळू, नीट उच्चारून, शाळेच्या पहिल्या दिवशी हजेरी घेताना नव्या मुलीचं नाव चुकू नये म्हणून घ्यावं तसं.